ते नाणं पिशवीतलंच होतं

निंबाआप्पा सोनवणे यांनी ते नाणं घरी बनवलेलं नव्हतं. ते टांकसाळीच्या शिवलेल्या पिशवीतून निघालं. एका शनिवारी दुपारी, आमच्या बँकेच्या सातपूर शाखेत, कॅश केबिनच्या मागच्या खोलीत, माझ्या डोळ्यांसमोर. पिशवीची शिवण मीच उसवली होती.

ही चार वाक्यं तोंडातून काढायला मला चार वर्षं लागली. मी कमी बोलणारा माणूस आहे. नातेवाइकांत, बँकेत, सोसायटीत मला सगळे सालस म्हणतात. हल्ली तो शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. जो माणूस कधीच काही बोलत नाही तो चांगलाच असणार, हे कुणी ठरवलं? आप्पा दिवसातून दहा वेळा भांडायचे, आणि त्यांच्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही. मी एकदाही भांडलो नाही, आणि मी काय केलं ते पुढे येईलच.

आप्पा मला पहिल्यांदा दिसले ते खिडकीपलीकडच्या रांगेत. त्या दिवसांत शाखेला चिल्लरीचा उबग आला होता. कँटीनवाले, पेट्रोलपंपवाले, किराणावाले, सगळे पिशव्या आणून ओतायचे. न्यायला कुणी तयार नसायचं. स्ट्राँगरूममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. अशात उंच, काटक, पांढऱ्या खुंटांची दाढी वाढलेला एक माणूस खिडकीशी आला. शर्टाच्या खिशाला पेन असतं तिथे याच्या दोरीने बांधलेलं भिंग.

“चिल्लर पायजे.”

“किती?”

“हाय तेवढी दाखवा.”

“दाखवा? काका, हे साडीचं दुकान नाही.”

“साडीच्या दुकानात बसायला गादी तरी देत्यात.”

रांग हसली. मी दोन पिशव्या पुढे ढकलल्या, मनात म्हटलं, सुंठीवाचून खोकला गेला. तिसऱ्या दिवशी त्याच दोन पिशव्या घेऊन स्वारी पुन्हा रांगेत.

“परवाच नेल्या ना?”

“बघून झाल्या. दोन जॉब निघाले. बाकीचे घ्या परत.”

रांगेतला एक जण ओरडला, “ए आप्पा, बँक हाय का वाचनालय?”

आप्पांनी मागे वळून त्याला शांतपणे सांगितलं, “वाचता येत असतं तर तूबी नेले असते.”

‘जॉब’ हा त्यांचा शब्द. नाणं ते कधी म्हणायचेच नाहीत. सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला छत्तीस वर्षं त्यांनी डाय बनवल्या, म्हणजे पोलादाचे ते साचे, ज्यांच्यात पत्रा दाबून हजारो सारखे भाग निघतात. डाव्या हाताचं मधलं बोट पहिल्या पेरापासून नव्हतं. कुणी विचारलं की म्हणायचे, “कंपनीला देणगी. पावती नाय दिली.” कारखाना बंद पडला तेव्हा घराला लागून पत्र्याची शेड टाकून त्यांनी पत्रा दाबायचा एक जुना हाताचा फ्लायप्रेस बसवला आणि आसपासच्या वर्कशॉपना वायसर, बिजागऱ्या करून द्यायला लागले. नाण्यांचा नाद तिथूनच आला. नाणं म्हणजे त्यांच्या लेखी प्रेसमधून निघालेला भाग, आणि त्यात चूक दिसली की ती कोणाच्या हातची, कशामुळे, हे शोधल्याशिवाय या माणसाला जेवण जात नसे.

“आधी कड, मंग तोंड, मंग पाठ,” असा त्यांचा क्रम. नाणं तर्जनी आणि अंगठ्यात कडेने धरायचं, पृष्ठभागाला बोट लावलंत तर ओरडा. सालाखाली कुठल्या टांकसाळीची खूण आहे ते पाहायचं. मुंबईचा पत्त्यातला चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला काहीच नाही. आपण आयुष्यभर नाणी हाताळतो आणि ही खूण नव्वद टक्के लोकांनी पाहिलेली नसते. मी तर पगार घेऊन हाताळत होतो, मलाही ठाऊक नव्हती. एकाच सालात, एकाच टांकसाळीत तारा कधी बारीक तर कधी जाड येतो. अक्षरं एका डायला अंगावर मांस असल्यासारखी, दुसरीला उपाशी. “डाय बदलली इथं,” आप्पा सांगायचे. “आन् हितं डायला तडा गेला, हा बघा केस. तरी चालवली. सुपरवायझर झोपला व्हता.” सरकारच्या टांकसाळीतला कधीही न पाहिलेला तो सुपरवायझर आप्पांच्या शिव्या खात असे.

दर शनिवारी शाखा बंद झाल्यावर ते मागच्या दाराने यायला लागले, त्याची सुरुवात मीच केली. रांगेत त्यांचं येणंजाणं बघून मॅनेजर वैतागले होते, आणि पिशव्या एकदम विकत घेऊन घरी न्यायच्या तर आप्पांच्या हातात तेवढी रक्कम नसे. मी म्हटलं, इथेच बसून बघा, हवी ती बदलून घ्या. हे नियमात नव्हतं. कॅश विभागात बाहेरचा माणूस बसवायचा नसतो, आणि सील असलेली पिशवी दुसऱ्या अधिकाऱ्याच्या सहीशिवाय उघडायची नसते. मला हे पाठ होतं. तरी मी केलं, आणि ते उपकार म्हणून केलं असं कुणी समजू नये. माझं आयुष्य त्या खिडकीमागे मोजण्यात गेलं होतं. आप्पांच्या शेजारी बसून मी पहिल्यांदा मोजणं सोडून बघायला लागलो.

ते वास घेऊन पिशवीचं गाव सांगायचे. घोटीच्या बाजारातून आलेल्या नाण्यांना भाताचा कोंडा चिकटलेला असे. देवळाच्या पेटीतली कुंकवाने गुलाबी. सातपूरच्या कँटीनमधली तेलकट, बसच्या कंडक्टरकडची काळी. माझा विश्वास बसेना म्हणून एकदा मी वरच्या नावाच्या चिठ्ठ्या काढून चार पिशव्या पुढे ठेवल्या. चारही बरोबर. वर म्हणाले, “परीक्षा घेता व्हय? आता चहा पाजा.”

चिडायचे मात्र कशावरही. एकदा आम्ही दोघं शेअर रिक्षाने सातपूरहून शहरात निघालो. उतरणाऱ्या एका बाईने दहाचं नाणं दिलं तर रिक्षावाला म्हणाला, “हे नको, डुप्लिकेट आहे. यावरच्या रेघा बघा, खऱ्यावर वेगळ्या असतात.”

बाई गयावया करायला लागली. दुसरे पैसे नव्हते तिच्याकडे. आप्पांनी ते नाणं जवळजवळ हिसकावून घेतलं.

“कोन म्हनतं डुप्लिकेट?”

“सगळेच म्हणतात काका.”

“सगळ्यांनी डाय बघितली का? ह्याचं डिझाइन बदललंय. दोन्ही खरी. आतली चकती पिवळ्यात बसवलीय बघ, दोन धातू. हे खोटं करायला दहापेक्षा जास्त खर्च येईल, येड्या. कोन करंल?”

“काका, मला नाही माहीत, पुढे कोणी घेत नाही.”

“मंग घ्यायला शिकव! खोटं म्हनायला कायबी लागत नाय, फुकट हाय ते. खरं हाय म्हनायला बघावं लागतं.”

मागे गाड्यांचे हॉर्न चालू झाले. रिक्षावाल्याने हात जोडले. आप्पांनी बाईचं भाडं स्वतः दिलं, तिचं नाणं खिशात टाकलं, आणि पुढचं सगळं अंतर बाकीच्या प्रवाशांना दोन धातूंचं नाणं कसं ठोकतात ते समजावलं. एक कॉलेजची मुलगी कानातली बोंडं काढून ऐकत होती. तेवढ्यावर स्वारी खूश.

मोबाइलवरच्या त्या व्हिडिओंनी तर त्यांचा जीव खाल्ला. ‘हे दोनचं नाणं असेल तर लाखो मिळवा.’ कॉलनीतल्या एक विधवा बाई एकदा रुमालात बांधून पंधरा-वीस नाणी घेऊन आल्या. कुणी तरी फोनवर त्यांना सांगितलं होतं, आधी नोंदणीचे पैसे भरा, मग नाण्यांचे लाख येतील. आप्पांनी एकेक नाणं भिंगाखाली धरलं, पुरती अर्धी दुपार घालवली. मग रुमाल तसाच बांधून परत दिला.

“माय, दोनचं नाणं हाय, दोनला जाईल. भरले का पैसे?”

“थोडे भरले.”

“आता येक दमडी भरू नका.”

बाई रडल्या नाहीत, संतापल्या. “तुम्हाला कळत नाही म्हणून सांगा ना आप्पा! बाकीच्यांचं नशीब उघडतं, आमचं आलं की तुम्ही आडवे!” आणि तरातरा गेल्या. आप्पांच्या बायको, माई, दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, “जरा गोड बोलला असता तर?” आप्पा म्हणाले, “गोड बोलनारानंच लुबाडलं तिला.”

असा हा माणूस. आता तो शनिवार.

टांकसाळीची नवी पिशवी होती, एक रुपयाची. मोठ्या बँकेकडून आमच्याकडे आली होती, लेबल, सील, शिवण शाबूत. मी ब्लेडने दोरा उसवला आणि नाणी ट्रेमध्ये ओतली. नवी नाणी ओतली की वाळूसारखी नाही, पाण्यासारखी पडतात. आप्पा ट्रेवर हात फिरवत होते, आणि मधेच हात थांबला.

एक नाणं उचलून कड बघितली, तोंड बघितलं, पाठ बघितली. मग म्हणाले, “इलासभाऊ, दिवा वढा जरा.”

एका बाजूला सिंहमुद्रा, जशी असते तशी. पाठीवर जिथे रुपयाचा आकडा हवा, तिथेही सिंहमुद्राच. पण आत खचलेली आणि आरशात दिसावी तशी उलटी. मला काहीच कळेना. आप्पांचा आवाज उतरला होता. “आधीचा जॉब वरच्या डायला चिकटून बसला. खाली नवी चकती आली. तिच्या पाठीवर डायचा छाप पडायचा तर चिकटलेल्या जॉबचं तोंड छापलं. येकदाच होतं असं. दुसऱ्या ठोक्याला ते बिघडतं. हा पहिला ठोका हाय. कडा बघा, कडा!” आणि हा पासष्टीचा माणूस हसत सुटला. खोटं कशाला सांगू, मीही हसलो. दोघं जण स्ट्राँगरूमच्या दारात चोरून शेंगदाणे खाल्लेल्या पोरांसारखे एकमेकांकडे बघून हसत होतो. आप्पांनी खिशातून एक रुपया काढून ट्रेमध्ये टाकला आणि ते नाणं कागदात गुंडाळून घेतलं. हिशोब चोख.

विकायचं त्यांच्या मनातही नव्हतं. त्यांना एवढंच हवं होतं की कुठे तरी नोंद व्हावी: असा नमुना निघाला, सातपूरला, पिशवीतून, शोधणारा अमुक. गंगापूर रोडला नाणे संग्राहकांचं एक मंडळ होतं. रविवारी सकाळी एका क्लासच्या हॉलमध्ये बसायचे. त्यांची वार्षिक पुस्तिका निघे आणि तीत अशा नमुन्यांची नोंद होई. अध्यक्ष एक वकीलसाहेब. आप्पा तिथे अधूनमधून जात. मागच्या खुर्चीत बसत, चहाला पुढे होत नसत. पुढच्या रांगेतल्यांकडे चामड्याचे अल्बम असत, आप्पांकडे औषधाच्या रिकाम्या डब्या.

नाणं टेबलावर फिरलं. वकीलसाहेबांनी भिंग न लावताच विचारलं, “सोनवणे, तुम्ही डायमेकर ना?”

“छत्तीस वर्षं.”

“मग बरोबर.”

“काय बरोबर?”

“काम उत्तम आहे, एवढंच म्हणतो.”

हॉल हसला. आप्पांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ते उभे राहिले आणि म्हणाले, “पुढच्या रविवारी दाखवतो. केलेलं कसं दिसतं आन् झालेलं कसं दिसतं.”

हीच त्यांची चूक. चूक म्हणायलाही जीभ रेटत नाही. डायमेकर सोडून कुणाच्या हातून ती झाली नसती. दुसऱ्या कुणी शपथा घेतल्या असत्या, नाही तर नाणं खिशात घालून घरी गेला असता. आप्पांनी आठवडाभर शेडमध्ये घालवला. दोन साधी नाणी, एकाच्या पाठीला दुसऱ्याचं तोंड लावून, फ्लायप्रेसखाली दाबली. एकदा नाही, तीन वेगवेगळ्या दाबांनी. पुढच्या रविवारी ते तीन तुकडे आणि ते खरं नाणं, चार वस्तू त्यांनी ओळीने मांडल्या.

“बघा. दाबलेल्याची मूळची पाठ पुरती मरत नाय, आकड्याचं भूत ऱ्हातं खाली. दुसरी बाजू चपटी होती. कड फुगती. आन् हे बघा माझं. भूत नाय, सपाट नाय, कड सरळ. टूलरूममधलं पोरगंबी सांगंल.”

कुणीही पाहिलं नाही. मी शपथेवर सांगतो, त्या हॉलमधल्या एकानेही त्या कडेकडे पाहिलं नाही. सगळे फक्त त्या तीन तुकड्यांकडे बघत होते. एकाने मोबाइल काढून आप्पांचा हात आणि ते तुकडे यांचा फोटो घेतला. वकीलसाहेब मागे रेलून म्हणाले, “म्हणजे तुम्हाला करता येतं, हे तर सिद्ध झालं. आणि चलनी नाण्याची मोडतोड हाही गुन्हा असतो, बरं का सोनवणे.”

आप्पांचा चेहरा लाल झाला. “माझ्याकडं साक्षीदार हाय.” आणि ते माझ्याकडे वळले. त्यांच्या आग्रहाने मी त्या दिवशी आलो होतो, दाराशी उभा होतो. “इलासभाऊ, सांगा ह्यांना. पिशवी कोनी उसवली?”

वकीलसाहेबही माझ्याकडे वळले. ओळखीचं हसले. ते आमच्या बँकेच्या पॅनेलवर होते. आठवड्यातून दोनदा मुख्य कार्यालयात बसणं-उठणं. माझी शाखाधिकारीपदाची मुलाखत पंधरा दिवसांवर आली होती. “अरे, विलासराव तुम्ही? तुमच्या शाखेतलं आहे का हे? सीलबंद पिशवी तुम्ही यांच्यासमोर उघडलीत?”

हो. एवढाच शब्द होता. हो म्हणायचं होतं.

मी म्हणालो, “मला नक्की आठवत नाही.”

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. रिक्षावाल्यावर, व्हिडिओवाल्यांवर, न पाहिलेल्या सुपरवायझरवर तुटून पडणारा हा माणूस माझ्यावर ओरडला नाही. ओरडायला हवं होतं. कानाखाली वाजवायला हवी होती, मी ती खाल्ली असती आणि कदाचित तिथेच तोंड उघडलं असतं. त्यांनी फक्त “बरं” म्हटलं, चारही वस्तू वेगवेगळ्या कागदात बांधल्या आणि माझ्या बाजूने दाराबाहेर गेले. हॉलमध्ये चहा आला. मी तो चहा प्यायलो. हेही लिहायला हवं.

तो फोटो त्याच संध्याकाळी ग्रुपवर फिरला. ‘नाशिकमध्ये बनावट नाणी बनवणारा कारागीर.’ अर्धवट बोट स्पष्ट दिसत होतं, त्यामुळे सातपूरमध्ये नाव सांगायची गरज पडली नाही. कुणी तरी तक्रार केली, पोलीस चौकशीला आले, शेड पाहिली, काही निघालं नाही, रीतसर लिहून गेले. पण गल्लीने पोलिसांची गाडी पाहिली होती. वर्कशॉपवाल्यांनी वायसर दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. एक जण माईंना म्हणाला, “आम्हाला उगाच लफडं नको.” वर्षाच्या आत आप्पांनी फ्लायप्रेस भंगारात घातला. हे सगळं मला बाहेरून कळत होतं. मी त्यांच्या गल्लीवरून जाणं सोडलं होतं. सातपूरमध्ये राहून एक गल्ली चुकवायला फार लांबून जावं लागतं; मी जात होतो.

आणि मला बढती मिळाली. घोटी शाखा, शाखाधिकारी. काचेची केबिन.

चार वर्षांनी त्या केबिनमध्ये आमच्या नव्या क्लार्कने मोबाइल पुढे धरला. “सर, हे बघा, बनावट नाणी कशी ओळखायची. भारी माहिती आहे.” तोच फोटो. आप्पांचा हात, ते बोट, आणि खाली मजकूर: ‘अशा भामट्यांपासून सावध राहा.’ गंमत म्हणजे मजकुरात आप्पांचंच वाक्य होतं. आकड्याचं भूत राहतं, दुसरी बाजू चपटी होते, कड फुगते. त्यांनी शिकवलेलं त्यांच्याच फोटोखाली, त्यांनाच भामटा ठरवून. पोरगा हसत होता. मी त्याच्यावर इतक्या जोरात ओरडलो की बाहेर काउंटरवरचे शेतकरी उठून उभे राहिले. त्याचा काय दोष होता बिचाऱ्याचा? ओरडायला हवं होतं गंगापूर रोडच्या त्या हॉलमध्ये.

त्याच दिवशी मुख्य कार्यालयाला पत्र लिहिलं. मी सातपूरला असताना सीलबंद पिशवी सहीशिवाय उघडली, बाहेरच्या माणसासमोर उघडली, त्यातून अमुक नाणं निघालं, आणि विचारल्यावर मी खोटं बोललो. रविवारी मंडळात जाऊन तेच मोठ्याने वाचलं. लोक मोबाइलमध्ये बघत होते. वकीलसाहेब म्हणाले, “तुमच्या भावना समजू शकतो विलासराव. पण इतक्या वर्षांनी कुणाला रस आहे? त्यांना म्हणावं नाणं घेऊन या, बघू नोंदीचं.”

“बघू?” मी म्हणालो. “तेव्हा का नाही बघितलं? भिंग समोर होतं तुमच्या! कड बघायला काय लागत होतं?” माझा आवाज फाटला. कुणी तरी माझ्या दंडाला धरून खाली बसवायला लागला. “सर, तुम्ही तरी शांत माणूस आहात.” मी त्याचा हात झटकला आणि बाहेर पडलो.

तीन आठवड्यांनी बँकेचं उत्तर आलं. ते खिशात घालून मी आप्पांच्या गल्लीत शिरलो.

शेडच्या जागी नुसता सिमेंटचा चौथरा उरला होता. त्यावर बसून आप्पा पिनने स्टोव्हचा बर्नर साफ करत होते. वाळले होते. मला पाहून उठले नाहीत, बस म्हणाले नाहीत. मी उभ्यानेच सगळं सांगितलं: पत्र, मंडळ, वकील. बर्नर साफ करणं थांबलं नाही.

“ते म्हणतात नाणं घेऊन या. नोंद करतील.”

“त्यांनी काय नोंद करायची?” आप्पा म्हणाले. “ते व्हतंच.”

त्यांनी बर्नरवर फुंकर मारली.

“नोकरी?”

“आहे.”

“साहेबकी?”

“तीपण आहे.”

“मंग काय केलं बँकेनं तुमचं?”

मी मेमो काढून दिला. त्यांनी चष्मा पुसला आणि कागद उजेडाकडे धरून, ओठ हलवत, सावकाश वाचला. शेवटची ओळ मोठ्याने वाचली. “‘यापुढे दक्षता घ्यावी.’” मग वर बघितलं. “येवढंच?”

“एवढंच.”

“येकच पान.”

“हो.”

“येवढ्याला भ्याले व्हते तुम्ही.”

त्यांनी कागदाची आधीची घडी होती तशीच घातली, उठून माझ्या शर्टाच्या खिशात ठेवली, स्टोव्ह उचलला आणि आत गेले. दार लोटलं, कडी घातली. मी चौथऱ्यापाशीच उभा होतो. आतून माईंचा घरच्या अहिराणीतला आवाज आला, “कोन शे?”

“कोनी नई,” आप्पा म्हणाले. “बँकना मानूस व्हता.”